पाय पाहून सायकल घ्यावी

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण सारे बालपणापासून ऐकत आलो आहोत. कर्ज काढू पाहणाऱ्याला, लग्नात उधळपट्टी करणाऱ्याला, ऐपतीबाहेर घर बांधणाऱ्याला वडीलधारी मंडळी ती आवर्जून ऐकवितात. परंतु हीच मंडळी मुलाला सायकल घ्यावयास निघाली, की या म्हणीचा त्यांना विसर पडतो. मुलाच्या पायांकडे न पाहता अंथरूण विकत घेतले जाते, आणि तेही आजचे नव्हे, चार वर्षांनंतरचे. मग बिचारे पाय त्या अंथरुणाला कधी पुरतील, याची घरातील सर्वांनी वाट पाहत बसावयाचे!

सायकल मुलाच्या आजच्या मापाची असावी, उद्याच्या अंदाजाची नसावी, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. गोष्ट दिसावयास लहान आहे. तथापि धार आणि देवास या आपल्या दोन गावांत, आणि भोवतालच्या खेड्यांत, रोज सकाळी शेकडो मुले-मुली सायकलीवरून शाळेला निघतात. त्यांचे गुडघे, त्यांच्या कंबरा आणि प्रसंगी त्यांचे प्राणही या लहान गोष्टीवर अवलंबून असतात.

मोठी सायकल घेण्यामागे पालकांचा हेतू वाईट असतो, असे कोणीही म्हणणार नाही. काटकसर हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा धर्मच आहे. सदरा दोन बोटे सैल शिवावा, विजारीची पट्टी आत दुमडून ठेवावी, थोरल्याचे जोडे पुढे कापूस भरून धाकट्याला द्यावे, या युक्त्यांनी आपल्या आजी-आजोबांनी संसार केले. त्याच न्यायाने सायकलही ‘पुढे पुरेल’ अशी घेतली जाते. परंतु हा न्याय येथे लागू पडत नाही. सैल सदरा घातलेला मुलगा फार तर विनोदी दिसेल. मापाहून मोठ्या सायकलीवर बसलेला मुलगा पडेल. कपडा अंगावर असतो. सायकलीवर मात्र आपण असतो, आणि ती वाहतुकीच्या रस्त्यावर असते, हा दोहोंतील भेद आहे.

जरा डोळ्यांपुढे आणा. मुलाचे पाय पायडलांपर्यंत नीट पोहोचत नाहीत, म्हणून तो सीटवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरत पायडल मारतो. अगदी लहान असेल तर सीटचा नादच सोडून देतो आणि आडव्या नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला कलते ठेवून सायकल हाकतो. आमच्या माळव्यात या प्रकाराला ‘कैंची’ म्हणतात. मोकळ्या मैदानावर ही कैंची पाहावयास मौज वाटते, आणि अनेक पिढ्या तिच्यावरच सायकल शिकल्या, हेही खरे. पण देवासहून आग्रा-मुंबई महामार्ग जातो, आणि धारची वाट इंदूर-अहमदाबाद मार्गाला लागलेली आहे. मागून मालमोटार भोंगा वाजवीत आली, समोर अचानक गाय आडवी गेली, तर त्या मुलाने काय करावे? ब्रेक दाबून पाय टेकावा, हे उत्तर सोपे आहे. परंतु त्याचा पाय जमिनीपर्यंत पोहोचतच नाही! थांबता येत नाही म्हणून तो थांबत नाही, आणि थांबावेच लागले तर तो सायकलीसह कोसळतो. सायकल चालविण्याच्या विद्येत चालविण्याइतकेच थांबण्याला महत्त्व आहे, हे आपण विसरतो.

आता काटकसरीचाच मुद्दा घेऊ. पालक म्हणतात, “मुलगा वाढणार आहे, म्हणून मोठी घेतो.” माझे म्हणणे असे, की मुलगा वाढणार आहे, म्हणूनच बेताची घ्यावी. सायकलीची रचनाच तशी आहे. सीटखालच्या उभ्या नळीत सीटची दांडी बसविलेली असते. पाना घेऊन ती पाहिजे तितकी वर काढता येते. हँडलही काही बोटे उचलता येते. म्हणजे बेताची चौकट, अर्थात दुकानदार जिला फ्रेम म्हणतो ती, मुलाबरोबर वाढते. उलट मोठ्या चौकटीचे सीट अगदी तळाशी टेकविले, की पुढे गत्यंतर नाही. आडव्या नळीची उंची कोणत्याही पान्याने कमी होत नाही. लहान चौकट वाढविता येते, मोठी चौकट लहान करता येत नाही. साऱ्या विषयाचे सार या एका वाक्यात आहे. अर्थात वाढीलाही मर्यादा असतेच. सीटच्या दांडीवर एक खूण कोरलेली असते. ती खूण नळीच्या बाहेर दिसू लागली, की दांडी अधिक वर घेणे धोक्याचे. त्या दिवशी मात्र मोठ्या सायकलीची वेळ आली, असे खुशाल समजावे.

देवासचा इतिहास या बाबतीत एक गमतीचा दाखला देतो. तुकोजीराव आणि जिवाजीराव हे पवार बंधू अठराव्या शतकात माळव्यात आले आणि देवास हे दोघांचेही ठाणे झाले. थोरल्या भावाच्या वंशाची ती थोरली पाती, धाकट्याच्या वंशाची ती धाकटी पाती. एकाच गावात दोन गाद्या, दोन दरबार नांदले आणि १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत दोन्ही पात्या टिकून राहिल्या. राज्यकारभाराच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची होती की नव्हती, हा वाद इतिहासकारांनी घालावा. पण धाकट्याला त्याची स्वतःची गादी मिळाली, थोरल्याच्या गादीवर त्याला लोंबकळत ठेवले नाही, एवढे तर खरे! ज्या गावात राज्याच्याही थोरली-धाकटी अशा दोन पात्या झाल्या, त्या गावात सायकलीची धाकटी पाती असावयास काय हरकत आहे?

येथे मापांच्या भाषेतील एक घोटाळा सांगितला पाहिजे, कारण दुकानात पुष्कळ पालक त्याच घोटाळ्यात सापडतात. आपली जुनी, काळी, भारदस्त सायकल २२ इंची किंवा २४ इंची म्हणून ओळखली जाते. हा आकडा चौकटीचा असतो. ज्या आसाभोवती पायडल फिरतात, त्या आसापासून उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची ती लांबी. परंतु लहान मुलांच्या सायकली १६ इंची, २० इंची, २४ इंची म्हणून विकल्या जातात, तेव्हा तो आकडा चाकाच्या व्यासाचा असतो. म्हणजे ‘२४ इंची’ या एकाच शब्दाने एक दुकानदार दहा वर्षांच्या मुलाची सायकल दाखवील, तर दुसरा उंचापुऱ्या पुरुषाची! यास्तव इंच सांगितले, की लगेच विचारावे, “चाकाचे की चौकटीचे?” या प्रश्नाने निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम घरच्या घरी होते. त्याला एक भिंत, एक जाडसर पुस्तक, पेन्सिल आणि शिंप्याची टेप एवढे साहित्य पुरे. मुलाला अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, दोन्ही पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे करावे. पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यासारखे घट्ट वर सरकवावे आणि त्याची वरची कड भिंतीवर टिपून घ्यावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर हे त्याच्या पायाचे माप. साऱ्या हिशेबाचे मूळ हेच; वय नव्हे, इयत्ता नव्हे, आणि एकूण उंचीही नव्हे. सारख्या उंचीच्या दोन मुलांत एकाचे पाय लांब, तर दुसऱ्याचे धड लांब असू शकते.

शर्यतीच्या, सरळ आडव्या नळीच्या सायकलींसाठी जाणकारांचा ठोकताळा असा, की या मापाला ०.६५ ने गुणावे, म्हणजे चौकटीची लांबी मिळते. पायाचे माप ७० सेंटीमीटर असेल तर उत्तर साडेपंचेचाळीस, म्हणजे सुमारे १८ इंच. ७८ सेंटीमीटर असेल तर २० इंच. आणि २२ इंची चौकट नीट शोभण्यासाठी पायाचे माप किती हवे? जवळजवळ ८६ सेंटीमीटर! आपल्यापैकी किती वडीलधाऱ्यांचे पाय एवढे लांब आहेत, हे ज्याने त्याने भिंतीला विचारावे. सहावी-सातवीतील मुलाच्या पायाचे माप साधारणतः ६५ सेंटीमीटरांच्या आसपास असते, आणि २२ इंची सायकलीची आडवी नळी जमिनीपासून ८० सेंटीमीटरांच्या आसपास येते. दोहोंतील अंतर पाहिले, म्हणजे कैंची कोठून जन्माला येते ते कळते.

हिशेबाचा कंटाळा येत असेल, तर दुकानातच तीन परीक्षा कराव्या. पहिली, सीटच्या पुढे, आडवी नळी दोन्ही पायांमध्ये घेऊन, पावले जमिनीवर सपाट टेकवून उभे राहावे. नळी आणि शरीर यांच्यामध्ये निदान दोन-तीन बोटे मोकळी राहिली पाहिजेत. दुसरी, सीटवर बसून टाच पायडलावर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ व्हावा, पण कंबर कलू नये. नवशिक्याने मात्र सीट याहूनही खाली ठेवावे, म्हणजे बसल्या बसल्या पाय टेकविता येतो. तिसरी परीक्षा बहुतेक लोक करीतच नाहीत. हँडल धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली असावीत. हात ताठ ताणले गेले, तर चौकट लांबीने मोठी आहे. अशा सायकलीवर मान आणि पाठ धरते आणि ब्रेकपर्यंत बोटे वेळेवर पोहोचत नाहीत. आजकाल पुष्कळ सायकलींची आडवी नळी मागे उतरती असते. त्यांच्या उभ्या नळीचा आकडा फसवा असतो. तेथे तर ही तिसरी परीक्षाच खरी.

कोणी म्हणेल, सपाट डांबरी रस्त्यावर एवढी काटेकोर मापे कशाला? पण आपले सारे रस्ते डांबरी आहेत कोठे? माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात कशी असते, हे खेड्यातून येणाऱ्या मुलांना विचारावे. तो चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा ठासून बसतो, की सायकल चालणे तर दूरच, ढकलणेही अशक्य होते. मग मुलगा खाली उतरतो, काटकीने चिखल खरवडतो, आणि ओढा लागला की सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जातो. त्याला वाटते, हे आपले दुर्दैव. पण याच गोष्टीची युरोपात शर्यत लावतात, असे त्याला सांगितले तर?

त्या खेळाचे नाव सायक्लोक्रॉस. शरद आणि हिवाळा या ऋतूंत, मुद्दाम चिखल, चढण, वाळू आणि अडथळे असलेल्या वर्तुळाकार वाटेवर ही शर्यत होते. स्वार धावत्या सायकलीवरून उडी मारून उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो, चढण धावत चढतो आणि पुन्हा उडी मारून स्वार होतो. फ्रान्समध्ये या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा १९०२ सालीच झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिस येथे भरली, आणि ती जिंकली ज्याँ रोबिक याने. हा रोबिक १९४७ सालची टूर द फ्रान्स ही प्रख्यात शर्यतही जिंकलेला, आणि उंचीने मात्र चांगलाच ठेंगणा! मोठेपण सायकलीच्या उंचीत नसते, हे त्याच्याकडे पाहून सहज पटावे.

आता या खेळातील लोक चौकट कशी निवडतात ते पाहा. डांबरी शर्यतीला जी चौकट घेतील, तिच्याएवढी किंवा तिच्याहून एखाद-दुसरा सेंटीमीटर लहान चौकट ते चिखलासाठी पसंत करतात. कारण उघड आहे. वारंवार चढावे-उतरावे लागते, उतरताना पाय कोठे पडेल त्याचा नेम नसतो, आणि तेथे आडवी नळी उंच असेल तर इजा ठरलेली. चौकटीच्या पोटातून हात घालून ती खांद्यावर घेता आली पाहिजे, हेही ते पाहतात. याउलट फार लहान चौकट घेतली, तर खांदा आत शिरत नाही आणि गुडघे हँडलला लागतात; म्हणून तोही अतिरेक ते टाळतात. जगातील कसलेले स्वार चिखलासाठी बेताची चौकट शोधतात, आणि आपण आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्याच चिखलात सर्वांत मोठी चौकट देतो, यातील विसंगती आता वेगळी सांगावयास नको.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. सायकल ही मुलीच्या शिक्षणाची केवढी मोठी किल्ली आहे, हे आता अनुमानाने सांगावयाची गरज उरलेली नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुले-मुली यांच्यातील दरी ४० टक्क्यांनी बुजली. एका साध्या दुचाकीने एवढे केले! परंतु जी सायकल मुलीला पेलत नाही, ती कोपऱ्यात धूळ खात पडते किंवा घरातील पुरुषमाणसाच्या कामी येते, आणि मुलीची शाळा तेवढी पुन्हा दूर जाते.

आपल्या मध्य प्रदेशातही गावात शाळा नसलेल्या आणि दोन किलोमीटरांहून अधिक अंतरावरील शासकीय शाळेत जाणाऱ्या सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत सायकलींची योजना झाली. तीत सहावीसाठी १८ इंची आणि नववीसाठी २० इंची अशी दोन मापे ठरविण्यात आली. एकच माप सर्वांच्या माथी न मारता दोन केली, हे स्तुत्यच आहे. तथापि इयत्ता ही काही उंची नव्हे. या वयात मुली आधी झपाट्याने वाढतात, मुले मागाहून. सहावीच्या एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांत वीतभर फरक असू शकतो. सायकली वाटताना मुलांना उंचीप्रमाणे उभे करून, सीट व हँडल ज्याच्या त्याच्या बेताने बसवून दिले, तर खर्च काहीच वाढणार नाही. एक पाना आणि एक दुपार पुरेल.

आणखी एक वेडगळ समजूत मोडली पाहिजे. आडवी नळी खाली उतरलेल्या सायकलीला ‘लेडीज सायकल’ म्हणतात, आणि लहान चणीच्या मुलालाही ती घ्यावयास लाज वाटते. मित्र हसतील, या भीतीने तो उंच नळीची सायकल हट्टाने घेतो आणि महिनाभर पाय सोलून घेतो. विद्यार्थिमित्रहो, नळीला स्त्री-पुरुष असा भेद नसतो. तो आपल्या मनात असतो. ज्या सायकलीवरून सुखरूप उतरता येते ती चांगली, मग तिचे नाव काहीही असो.

राहिला खर्चाचा प्रश्न. वाढत्या मुलाला दोनदा सायकल घ्यावी लागेल, ही पालकांची भीती अगदीच निराधार नाही. पण तिच्यावर तोड आहे, आणि ती आपल्या शाळेच्या हाती आहे. वर्षाच्या अखेरीस जशी जुन्या पाठ्यपुस्तकांची देवघेव होते, तशी सायकलींचीही का होऊ नये? दहावी संपविणाऱ्याची सायकल आठवीतल्याने घ्यावी, आठवीतल्याची सहावीतल्याने. भिंतीवर सेंटीमीटरांच्या खुणा रंगवून ठेवाव्या, म्हणजे ज्याचे त्याला माप कळेल. एखाद्या गावातील जाणत्या सायकलवाल्याला एक दिवस बोलावून सीटे, ब्रेक आणि चाके तपासून घ्यावी. मापाचे गणित सातवी-आठवीच्या मुलांनीच करावे. दशांश अपूर्णांकाचा याहून चांगला धडा कोठे मिळणार?

आपण मोठ्या यंत्रांच्या मापांना किती जपतो ते पाहा. याच धार जिल्ह्यात, पिथमपूर येथे, मोटारगाड्यांच्या परीक्षेसाठी ११.३ किलोमीटर लांबीची वेगवान धावपट्टी बांधण्यात आली. २०२१ साली तिचे उद्घाटन झाले. तेथे गाडीचा कस सूक्ष्म मापाने पाहिला जातो, आणि ते योग्यच आहे. मग त्याच जिल्ह्यातील मुलाच्या सायकलीला एक साधी टेपसुद्धा लागू नये काय?

धार ही राजा भोजाची नगरी. वास्तुशास्त्रावरील ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्या नावातील ‘सूत्रधार’ म्हणजे हाती मोजणीची दोरी धरणारा, अर्थात स्थपती. घर बांधावयाचे तर आधी दोरी धरावी, मग वीट ठेवावी, ही त्या विद्येची शिस्त. सुमारे हजार वर्षांपूर्वी ज्या नगरीने दोरीला एवढा मान दिला, तेथील मुलाबाळांनी अंदाजावर का विसंबावे? पालकहो, पुढच्या वेळी सायकलीच्या दुकानाची पायरी चढण्याआधी घरच्या भिंतीशी मुलाला उभे करा आणि हाती दोरी धरा. मुले वाढतीलच, त्यांच्याबरोबर सीटही वर चढेल. तोवर त्यांचे पाय जमिनीला लागू द्या.